पालकांना बैठकीत बोलू द्या

शाळेचा कारभार पालकांना कळत नाही, तो शिक्षकांवर सोपवावा, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच मान्य नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. बैठक दरमहा व्हावी, इतिवृत्त लोकांना पाहता यावे, असे केंद्राचे 2010 चे आदर्श नियम सांगतात. खरी अडचण वेळेची. मजुरीला जाणाऱ्या आईला सकाळी अकराची बैठक कशी जमणार? मग रजिस्टर तिच्या दारी येते आणि न झालेल्या चर्चेखाली तिची सही घेतली जाते. बैठक संध्याकाळी ठेवा, विषयपत्रिका आठवडाभर आधी फलकावर लावा आणि शाळेतल्या खिचडीत डाळ किती पडते, हे तिलाच विचारा.

— एक पालक, सातारा