चालतंय, पण थांबतंय का?

मागच्या वर्षीच्या एका रविवारची गोष्ट. ताई भाचीला घेऊन आमच्याकडे आली होती. मी (साहजिकच!) बाल्कनीत माझं नवं खेळणं मांडून बसलो होतो. खेळणं म्हणजे ३०१८ जातीचं छोटं सीएनसी राउटर. ३०० बाय १८० मिलिमीटरचं टेबल, तीन स्टेपर मोटर, एक छोटं स्पिंडल आणि जीआरबीएल चालवणारा एक बोर्ड. लॅपटॉपवरून युएसबीने जी-कोड पाठवायचा आणि गंमत बघायची. त्या दिवशी एमडीएफच्या तुकड्यावर दारावरची पाटी कोरणं चाललं होतं. भुसा घरभर होतो म्हणून बायकोने सक्त ताकीद दिलेली, तेव्हा शेजारी व्हॅक्यूम क्लीनरही लावला होता.

पाटीवरचं तिसरं अक्षर चालू असताना लॅपटॉपवर 'डिसकनेक्टेड' असं आलं. मी सवयीने स्क्रीनवरचं 'स्टॉप' दाबलं. बटण करडं झालेलं. मशीन मात्र आरामात कोरतच होतं. दोन-तीन सेकंदांनी ते आपलं आपण थांबलं. म्हणजे मला तरी तसं वाटलं. भाची बारा वर्षांची, मघापासून उत्सुकतेने बघत होती. "मामा, थांबलं ना आता?" असं म्हणत तिने अक्षरातला भुसा झटकायला हात पुढे केला.

स्पिंडल फिरत होतं. व्हॅक्यूमच्या आवाजात ते ऐकू येत नव्हतं आणि तीन मिलिमीटरचं कटर पूर्ण वेगात फिरताना नीट दिसतही नाही. मी तिचं मनगट कसं पकडलं ते मलाच आठवत नाही. प्लग मशीनच्या मागे होता, तो काढायला मला मशीनवरून वाकावं लागलं.

काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि हा लेख त्या न लागलेल्या झोपेचा आहे.

आता तुम्ही म्हणाल, युएसबी तुटली, केबल खराब असेल, बदल की! मीही आधी हेच म्हटलं. पण मंडळी, केबल हा मुद्दाच नाही. मुद्दा असा की मी सॉफ्टवेअर इंजिनियर असल्याने (की असूनही?) मशीन 'चालवणं' म्हणजे सेटअप असं धरून चाललो होतो. माझ्या ओळखीतले जेवढे आयटीवाले हा छंद करतात ते सगळे असंच धरून चालतात. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. मशीन जोवर हमखास थांबवता येत नाही तोवर ते सेटअप झालेलंच नाही, मग पाटी कितीही सुरेख कोरली जावो.

झालं काय ते आधी बघू. जीआरबीएल हे २००९ साली सुरू झालेलं मुक्त सॉफ्टवेअर. आर्डुइनो युनोच्या ३२ किलोबाइट मेमरीत ते बसतं, आणि ज्यांनी ते बसवलं त्यांना माझा साष्टांग नमस्कार. ते पुढच्या सोळाएक हालचाली आधीच आखून ठेवतं, शिवाय आलेला जी-कोड साठवायला १२८ बाइटचा बफर असतो. माझा बोर्ड मशीनच्या २४ व्होल्टवर चालतो, युएसबीवर नाही. त्यामुळे लॅपटॉप गेला तरी त्याला पत्ताच नाही. पोटात होतं तेवढं काम त्याने संपवलं आणि पुढच्या ओळीची वाट बघत राहिलं. स्पिंडल बंद करायला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून ते चालूच राहिलं. प्रोग्रॅममध्ये चूक शून्य. सगळं लिहिल्याप्रमाणेच झालं!

बरं, युएसबी शाबूत असती तरी? जीआरबीएलला 'फीड होल्ड' दिला की अक्ष थांबतात, स्पिंडल थांबत नाही. ज्याला आपण 'पॉज' समजतो ते हे असं असतं.

आता माझे गुन्हे. हे सांगायला लाज वाटते, पण मित्रांच्या मशीनवर मी हेच पाहिलंय, तेव्हा एकटाच नाही.

गुन्हा पहिला. सुरुवातीला मशीन अधूनमधून 'अलार्म १' देऊन अडायचं. याचा अर्थ लिमिट स्विच दाबला गेला. स्विच तर लांब होता. मग? स्पिंडलच्या वायरीला खेटून स्विचची साधी वायर नेलेली, तिच्यात गोंगाट शिरत होता. एका मित्राने फोनवर उपाय सांगितला: "$२१ ला शून्य कर, त्रास संपेल." केलं. त्रास संपला! मंडळी, हार्ड लिमिट बंद करणं म्हणजे काय हे आपल्या भाषेत सांगतो: एक्सेप्शन येतंय म्हणून रिकामा कॅच ब्लॉक लिहिणं. ज्युनियरने असा कोड रिव्ह्यूला पाठवला तर आपण त्याला फाडून खाऊ. घरी येऊन मात्र खुशाल हेच करतो. खरा उपाय अर्ध्या तासाचा होता: शील्डेड वायर, ती स्पिंडलच्या वायरीपासून दूर, बोर्डच्या इनपुटपाशी एक छोटा आरसी फिल्टर आणि 'नॉर्मली क्लोज्ड' जोडणी, म्हणजे वायर तुटली तरी मशीन अडणार. पण त्यासाठी खुर्चीवरून उठावं लागतं ना!

आणि गंमत बघा. जो गोंगाट आधी अलार्म देत होता त्याच्याच जातीचा गोंगाट पुढे व्हॅक्यूममुळे युएसबीत शिरला. मशीन मला महिनाभर आधी सांगत होतं की वायरिंग भिकार आहे. मी त्याचं तोंड बंद केलं होतं.

गुन्हा दुसरा. सेटिंग्ज दुसऱ्याच्या उतरवल्या. त्याच्या फाइलमध्ये $१०० होतं ८००. त्याच्या मशीनचा स्क्रू एका फेऱ्यात ४ मिलिमीटर सरकतो: मोटरच्या २०० स्टेप, १६ मायक्रोस्टेप, झाल्या ३२००, भागिले ४, बरोबर ८००. माझा स्क्रू फेऱ्याला ८ मिलिमीटर सरकतो, म्हणजे हवे होते ४००. मी ५० मिलिमीटर सांगितले आणि मशीन १०० पळून कडेला धडकलं. (लिमिट स्विच? बंद होते, वर वाचलंत ना.) चौथीतला भागाकार, पण तो करण्याऐवजी फाइल उतरवणं आपल्याला 'वेळ वाचवणं' वाटतं.

गुन्हा तिसरा, आणि हा सगळ्यांचा बाप. स्क्रीनवरच्या आकड्यावर विश्वास. एक्स = ५०.०००. दशांशानंतर तीन शून्यं! इतकं नेमकं कोण खोटं बोलेल? पण या मशीनला मागे वळून सांगणारा एन्कोडर नाही. तो आकडा म्हणजे 'मी एवढ्या स्टेप पाठवल्या'. मोटर अडली, कपलिंगचा स्क्रू ढिला झाला, स्टेप हुकल्या, तरी आकडा तोच. आपण ऑफिसात एपीआयकडून २०० कोड येतो म्हणजे काम झालं असं मानणाऱ्यांना हसतो, तेच हे.

हे तिन्ही एकाच जातीचे आहेत. स्क्रीन सांगते ते खरं, आणि स्क्रीन ओरडली तर तिला गप्प करायचं.

यावर दोन उत्तरं मला हमखास मिळतात. पहिलं: "जीआरबीएल खेळणं आहे रे, लिनक्ससीएनसी घाल." जरूर घाला. रिअल-टाइम कर्नलमुळे पल्सची वेळ नीट सांभाळली जाते, हा खरा फायदा आहे. नवीन ३२ बिट बोर्डांवर ग्रबलहाल, फ्लुइडएनसी आहेत, तेही छान. पण लॅपटॉप अडकला आणि बाराव्या वर्षीचा हात पुढे आला, तर यातलं कुठलंही सॉफ्टवेअर एकट्याच्या जिवावर काय करणार? सॉफ्टवेअर बिघडल्यावर थांबवण्याचं काम त्याच सॉफ्टवेअरकडे देणं हाच मुळात गाढवपणा आहे.

दुसरं उत्तर: "एवढुसं मशीन, काय होणार त्याने?" मोठ्या मशीनला आपण घाबरतो म्हणून निदान लांब तरी उभे राहतो. या एवढुशाला आपण डायनिंग टेबलावर ठेवतो.

आपल्या धंद्याचा इतिहास आठवा. थेरॅक-२५ हे किरणोत्साराचं उपचार यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना प्रचंड जास्त मात्रा दिली, काहींचा त्यात जीव गेला. आधीच्या थेरॅक-२० मध्येही सॉफ्टवेअरची तशीच चूक होती असं नंतर आढळलं. पण तिथे हार्डवेअरचे इंटरलॉक होते, त्यामुळे फार तर फ्यूज उडायचा. नव्या मॉडेलमध्ये ते काढून काम सॉफ्टवेअरवर सोपवलं गेलं होतं. माझ्या खेळण्याची तुलना त्याच्याशी नको, मान्य. पण चूक तीच आहे, आणि कॉलेजात ही केस शिकलेला मीच ती घरी बसून करत होतो.

भोसरी-चिंचवडच्या कुठल्याही शॉपमधलं व्हीएमसी बघा, पॅनेलवर हाताशी लाल मशरूम बटण असतंच. तिथला ऑपरेटर सी++ लिहीत नसेल, पण हात कुठे जायला हवा हे त्याला झोपेतही माहीत असतं. त्याच शहरात राहून आपण बाल्कनीत विनाबटणाचं मशीन चालवतो आणि स्वतःला मेकर म्हणवतो!

तर मी काय केलं? तपकीर गल्लीतून लाल मशरूम स्विच आणला, नॉर्मली क्लोज्ड संपर्काचा. पिझ्झाच्या निम्म्या किमतीत येतो. तो मोटर आणि स्पिंडल दोघांच्याही २४ व्होल्टच्या वाटेत टाकला (स्विच तेवढा डीसी करंट तोडू शकतो ना, हे आधी बघा). बसवला मशीनच्या पुढे, म्हणजे दाबायला मशीनवरून वाकावं लागत नाही. दाबला की बोर्डही मरतो, जागा विसरतो, पुन्हा होमिंग करावं लागतं. पाटी वाया जाते. जाऊ दे!

मग परीक्षा घेतली. कटर काढून, हवेत प्रोग्रॅम चालवून, मध्येच युएसबी ओढली. मध्येच लॅपटॉप झोपवला. मध्येच लाल बटण दाबलं. ऑफिसात आपण सर्व्हर मुद्दाम पाडून बघतोच की. मग कागदावर खूण करून मशीनला वीस वेळा जोरात पळवलं आणि शून्यावर परत बोलावलं. टोक खुणेवर आलं नाही, तर स्टेप हुकताहेत. १०० मिलिमीटर सांगून व्हर्नियरने मोजलं. इथे एक सांगून ठेवतो: मोजमाप भागाकाराच्या उत्तरापासून बरंच दूर गेलं तर $१०० ला हात लावू नका, पाना हातात घ्या. आकडा बदलून ढिला स्क्रू घट्ट होत नाही.

या सगळ्याला एक शनिवार गेला. एकही पाटी कोरली नाही. बायकोने विचारलं, "दिवसभर काय केलंस?" म्हटलं, "थांबवलं."

या दिवाळीत भाची पुन्हा आली होती. तिच्या नावाची पाटी कोरायची होती. मी तिला आधी लाल बटण दाखवलं, दहा वेळा दाबायला लावलं, आणि मगच मशीन सुरू केलं. पाटी झाली, मी बटण दाबलं, स्पिंडलचा आवाज विरेपर्यंत दोघं गप्प उभे राहिलो. मग तिने विचारलं, "मामा, थांबलं ना आता?"

हो, आता थांबलं. तुमचं थांबतं का? आजच्या रविवारी एकदा युएसबी ओढून बघा.