ड्रॉपडाऊनमधला देश

कुठल्याही साइटवर फॉर्म भरायचा म्हटलं की 'देश निवडा' हा ड्रॉपडाऊन येतोच. आपण 'आय' दाबतो, आइसलँडच्या खालचा इंडिया निवडतो आणि पुढे जातो. त्याच यादीत आणखी खाली गेलात तर बऱ्याच ठिकाणी एक ओळ दिसेल - 'तैवान, प्रॉव्हिन्स ऑफ चायना'.

आता ही ओळ टाकणाऱ्या प्रोग्रामरला चीनबद्दल काही म्हणायचं असतं का? छे हो! त्याने आयएसओ ३१६६ ची यादी उचलून टेबलमध्ये ओतलेली असते. आयएसओ नावं घेते संयुक्त राष्ट्रांकडून. आणि संयुक्त राष्ट्रांनी १९७१ साली २७५८ क्रमांकाचा ठराव करून चीनची खुर्ची तैपेईकडून काढून बीजिंगला दिली. गंमत म्हणजे त्या ठरावात 'तैवान' हा शब्द एकदाही येत नाही. तरी तैपेईतल्या माणसाला साधे बूट मागवायचे तर आधी 'मी चीनच्या प्रांतात राहतो' असं कबूल करावं लागतं. असे सुमारे २ कोटी ३० लाख लोक आहेत.

मुत्सद्दी मंडळी हेच काम किती जपून करतात बघा. चीनच्या तैवानवरच्या दाव्याची १९७० मध्ये कॅनडाने फक्त 'नोंद घेतली'. १९७२ मध्ये जपानने तो 'समजून घेतला आणि त्याचा आदर केला'. त्याच वर्षी अमेरिकेने शांघायमध्ये त्याची 'दखल घेतली'. मान्य केला असं यांच्यापैकी कोणीच म्हटलं नाही! आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी 'तुमच्या तक्रारीची नोंद घेतली आहे' म्हणतो तेव्हा पाण्याची टाकी दुरुस्त होणार नाही हे आपल्याला बरोब्बर कळतं, तसंच हे. १९७९ च्या अमेरिका-चीन निवेदनात तर इंग्रजीत 'दखल' आणि चिनी मसुद्यात 'मान्यता'कडे झुकणारा शब्द आहे. दोघेही आपापली प्रत घेऊन खूश. मला हा चावटपणा वाटत नाही. त्या संदिग्धपणामुळे इतकी वर्षं बोलणी आणि व्यापार चालू राहिला. तिथे शब्द मुद्दाम धूसर ठेवलेला आहे. आपल्या ड्रॉपडाऊनमध्ये तो नुसता निष्काळजीपणे पडलेला आहे.

आणि आता चीनचं लक्ष थेट ड्रॉपडाऊनवर असतं. २०१८ साली तिथल्या विमान वाहतूक खात्याने डझनावारी परदेशी विमान कंपन्यांना पत्रं पाठवली. व्हाइट हाउसने त्याला 'ऑर्वेलियन नॉन्सेन्स' म्हटलं, पण शेवटी अमेरिकन कंपन्यांनी देशाचं नाव गाळून नुसतं शहर ठेवलं. आपल्या एअर इंडियाने 'चायनीज तैपेई' केलं. त्याच वर्षी आयफोनमध्ये एक बग सापडला. चीनसाठी तैवानचा झेंडा लपवणारा कोड होता, आणि काही फोनवर 'तैवान' टाइप केलं की अॅप क्रॅश! राजनैतिक संवेदनशीलतेचा नल पॉइंटर :)

आपणही फार हसू नये म्हणा. सर्व्हे ऑफ इंडियाशी न जुळणारा नकाशा छापला तर आपल्याकडे १९६१ च्या कायद्याखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि तैपेईत १९९५ पासून असलेल्या आपल्या कचेरीचं नाव 'इंडिया-तैपेई असोसिएशन'. दूतावासही नाही आणि तैवानही नाही.

असो. हापिसात हा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं, 'स्टँडर्ड आहे ना, मग कशाला हात लावायचा?' अहो, मशीनला लागतो तो 'टीडब्ल्यू' हा कोड. दाखवायचं नाव हा वेगळा कॉलम आहे, तो आयएसओचाच हवा अशी सक्ती कोणी केलेली नाही. युनिकोडच्या सीएलडीआर डेटामध्ये सरळ 'तैवान' आहे, तो घ्या. वर लेबल 'देश' ऐवजी 'देश किंवा प्रदेश' करा. म्हणजे सार्वभौमत्वाचा निकाल आपल्या फॉर्मला द्यावा लागत नाही. क्लायंटचा धंदा चीनमध्ये असेल तर तो तक्रार करेल, मान्य. मग काय लिहायचं ते त्याने मेलवर लेखी कळवावं.