इंग्रजी हवंच, पण आधी बोला तर!

प्लेसमेंटचे दिवस जवळ आले की कॉलेजच्या नोटीस बोर्डवर ‘कम्युनिकेशन स्किल्स’ची कार्यशाळा झळकते. टाय कसा बांधायचा, हात कसा मिळवायचा, ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला काय ठोकायचं. दोन तासांत सर्टिफिकेट हातात! आणि फाडफाड इंग्रजी आलं की नोकरी पक्की, हा समज आणखी घट्ट होतो.

ऑफिसात गाडी अडते ती मात्र भलतीकडेच. शुक्रवारी द्यायचं काम होणार नाही, हे तुम्हाला बुधवारीच कळलेलं असतं. पण तुम्ही सांगता शुक्रवारी संध्याकाळी, तेही साहेबांनी विचारल्यावर. सूचना नीट कळलेली नसते, तरी ‘हो सर’ म्हणून मोकळे होता. ईमेलमध्ये ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ असतं, फाइल जोडायचीच राहिलेली असते. सांगा, यात इंग्रजी कुठे कच्चं होतं?

ही ‘हो सर’ची सवय वर्गातच लागते. शंका विचारली की मागच्या बाकावर खसखस पिकते, म्हणून गप्प. व्हायवाची उत्तरं पाठ केलेली, जर्नल उतरवलेलं. प्रेझेंटेशन पाच जणांचं, पण बोलणार तो एकच, इंग्रजी माध्यमातला. उरलेले चौघे पेनड्राइव्ह सांभाळतात.

इंग्रजी लागतच नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. लागतं. पण जे मराठीतही धड मांडता येत नाही, ते इंग्रजीत कसं मांडणार?

२०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला क्रेडिट मिळू लागले. काकांच्या ऑफिसातून शिक्का आणून ते उरकू नका. कमी किमतीत चुका करायची हीच तर जागा! रोज निघताना वरिष्ठांना तीन वाक्यं सांगा: आज काय झालं, कुठे अडलं, उद्या काय लागेल. काम हातात घेताना ‘म्हणजे आधी हे करू, मग ते, बरोबर ना?’ असं विचारून घ्या. सुरुवात मराठीत करा, महिन्याभराने तेच इंग्रजीत. अडखळलात तरी वाक्य पूर्ण करा.

आणि सर-मॅडम, एक विनंती तुम्हालाही. पुढच्या प्रेझेंटेशनला कोण बोलणार, हे गटाला ठरवू देऊ नका. चिठ्ठी टाका.