गोळी बदला, बंद करू नका

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर महिलांची तपासणी होते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ मध्ये सुरू झाले, आणि जुन्नर-आंबेगावसारख्या तालुक्यांत त्याचे मोल मोठे आहे. पूर्वेकडच्या नारायणगाव-मंचर पट्ट्यात दवाखाना जवळ असतो. पश्चिमेला आहुपे किंवा घाटघरकडच्या वाडीवरून घोडेगाव, जुन्नर गाठायचे तर दिवस मोडतो. दिवस मोडून आलेल्या या बाईचा रक्तदाब आणि साखर दोन्ही मोजून, दोन्ही आकडे एकत्र पाहिले गेले पाहिजेत.

आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीला गरोदरपणात ‘प्री-एक्लॅम्पसिया’ होण्याचा धोका इतरांच्या तुलनेत दोन ते चार पट असतो. पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब चढतो, बहुतेकदा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, मूत्रपिंड-यकृतावर ताण येतो, बाळाची वाढ खुंटते. वेळीच आवरले नाही तर आईला झटके येतात. मधुमेहाने रक्तवाहिन्या आधीच दुबळ्या झालेल्या असल्या, तर हे सारे अधिक लवकर घडते. मधुमेह म्हणजे शहरातल्या स्थूल माणसांचा आजार, असे समजण्याचे कारण नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासातून दिसले, की आपली बाळे जन्मतः वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. मधुमेहाची बीजे तिथेच पडतात. म्हणून शेतात राबणाऱ्या बारीक बाईचीही साखर पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान तपासायला हवी.

रक्तदाबाच्या उपचारात दोन चुका होतात. पहिली म्हणजे जुनीच गोळी चालू राहणे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल ही औषधे मूत्रपिंडांना जपतात, म्हणून मधुमेहींना सर्रास दिली जातात. मात्र गर्भारपणात, विशेषतः चौथ्या महिन्यापासून पुढे, त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होते आणि गर्भजल कमी होते. दिवस गेल्याचे घरात सांगायलाच दोन-तीन महिने जातात आणि तोवर जुन्या चिठ्ठीवर गोळ्या येतच राहतात.

दुसरी चूक याच्या उलट आहे. ‘पोटात बाळ आहे, आता गोळ्या नकोत’ म्हणून सगळेच बंद करायचे. सौम्य रक्तदाबावर औषध द्यावे की नाही, याबाबत डॉक्टरही वर्षानुवर्षे साशंक होते. रक्तदाब उतरला तर बाळाचे पोषण घटेल, ही भीती होती. २०२२ मध्ये अमेरिकेतील २,४०८ महिलांच्या अभ्यासाने ती दूर केली. या महिलांना आधीपासून सौम्य रक्तदाब होता आणि त्यांत मधुमेहीही होत्या. औषध देऊन रक्तदाब १४०/९० च्या खाली ठेवला, तेव्हा गंभीर गुंतागुंत शंभरात ३७ वरून ३० वर आली. कमी वजनाच्या बाळांचे प्रमाणही वाढले नाही.

गर्भारपणात चालणारी औषधे आहेत आणि ती जुनी व परिचित आहेत : लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा. इन्सुलिन घेणाऱ्या महिलेने एक लक्षात ठेवावे. साखर एकदम उतरली की होणारी धडधड आणि हातांचा कंप लॅबेटॅलॉलमुळे जाणवेनासा होऊ शकतो. अशा वेळी घाम फुटला तरी साखर तपासावी.

रक्तदाब १६०/११० वर गेला तर तासांचा हिशेब सुरू होतो. इथे आपल्याच राज्यातला अभ्यास उपयोगी पडतो. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालय येथे ८९४ महिलांना ही तीन औषधे तोंडावाटे देऊन पाहिली गेली. ‘लॅन्सेट’मध्ये २०१९ साली आलेल्या निष्कर्षांनुसार सहा तासांत, अपाय न होता, निफेडिपिनने ८४ टक्के, लॅबेटॅलॉलने ७७ टक्के आणि मिथाइलडोपाने ७६ टक्के महिलांचा रक्तदाब आटोक्यात आला. हा अभ्यास केवळ मधुमेही महिलांचा नव्हता, तरी घाटमाथ्यावरच्या आरोग्य केंद्राला त्यातून धडा घेता येतो. शिरेतून द्यायचे औषध आणि सतत देखरेख शक्य नसली, तरी गोळी देऊन मग रुग्णवाहिका बोलावता येते. झटक्यांचा धोका मॅग्नेशियम सल्फेटने निम्म्यावर येतो, हे दहा हजार महिलांच्या अभ्यासातून २००२ मध्येच सिद्ध झाले आहे. त्याचा पहिला डोस देऊनच रुग्ण पुढे पाठवायला हवा.

धोका टाळण्याचा स्वस्त उपायही आहे. आधीपासून मधुमेह असलेल्या महिलेला तिसरा महिना संपता संपता, डॉक्टरांच्या सल्ल्याने, कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू केली तर प्री-एक्लॅम्पसियाचा धोका घटतो. उशिरा सुरू केल्यास तेवढा लाभ होत नाही. म्हणून नाव लवकर नोंदवणे हाही उपचारच आहे.

आपल्याकडे पहिल्या बाळंतपणासाठी लेक सातव्या महिन्यात माहेरी येते. रक्तदाब चढण्याचे दिवस नेमके हेच असतात, आणि याच वेळी डॉक्टर बदलतो, आशाताई बदलते, कागद सासरी राहतात. माहेरी येताना फाइल आणि गोळ्या सोबत असल्याच पाहिजेत. बाळंतपण झाले म्हणजे सुटलो असेही नाही. त्यानंतरच्या आठवड्यात रक्तदाब पुन्हा चढू शकतो. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली दुखणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आरोग्य यंत्रणेकडे मागणी मोठी नाही. दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या, मॅग्नेशियम सल्फेट आणि अचूक चालणारे रक्तदाब यंत्र बारा महिने असावे. मधुमेही गरोदर महिलांची यादी आशाताईंकडे वेगळी असावी. आणि दवाखान्यात प्रत्येक मधुमेही तरुणीला गोळी लिहून देण्यापूर्वी एक प्रश्न विचारला जावा, ‘मूल होऊ देण्याचा विचार आहे का?’ त्या एका प्रश्नाने गोळी वेळेत बदलता येते.