देणगीदाराची पाटी आणि माझ्या बापाची पावती



माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत एक पावती आहे. तीन हजार रुपयांची. वर माझ्या बापाचं नाव. खाली छापलेलं, ‘इमारत निधीस ऐच्छिक देणगी साभार पोचली.’ म्हणजे माझा बाप देणगीदार. दाता. च्यायला, जो माणूस आयुष्यभर जिनिंगमधे कापसाच्या गाठी लोळवत आला, ज्याच्या अंगात दिवाळीलाही फाटकं बनियन, तो अमरावतीतल्या एका शिक्षणसंस्थेच्या दप्तरी दाता म्हणून बसलाय.

गोष्ट साधी आहे. २०१५ साली मी दहावी सुटलो. आमची वस्ती मूर्तिजापूरकडची, अकोला जिल्हा. मास्तर म्हणाले, पोट्टं हुशार आहे, सायन्सला घाला. बाप आणि मी पॅसेंजर धरून अमरावतीला गेलो. खिडकीतल्या बाबूनं मार्कशीट पाहिली, आडनाव पाहिलं. मग म्हणाला, फी वेगळी, इमारत निधी वेगळा. सहा हजार.

बाप म्हणाला, “सायेब, आता तीनच हजार हायेत. बाकीचे जिनिंग सुरू झालं का देतो.”

“काऊन, शिकवाचं नाही काय पोराले?” बाबू.

तीन हजार म्हणजे आमच्या दोन शेळ्या. पुढचे तीन हजार झालेच नाहीत. जिनिंग सुरू झालं आणि त्याच हंगामात बापाची कंबर गेली. वसतिगृहात नंबर लागला नव्हता, खोलीचं भाडं थकलं. दिवाळीनंतर मी गाठोडं बांधलं आणि मामाच्या ओळखीनं मुंबईच्या गोदीत आलो. तेव्हापासून ठेकेदाराच्या टोळीत आहे. इमारत झाली असेल. तिच्या भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी पाटीही असेल. त्यात माझ्या बापाचं नाव नाही, हे न बघताच सांगतो.

आज हे उकरून काढायचं कारण आहे. आता सगळीकडे एकच टूम निघालीय. विद्यापीठांनी सरकारच्या तोंडाकडे बघू नये, मोठे देणगीदार शोधावेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही दानशूरांच्या खाजगी पैशाला उत्तेजन द्या असं लिहिलंय. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर घालायला सांगितलेत, त्या दोन टक्क्यांवरही सगळ्यांचे डोळे. अमेरिकेतल्या विद्यापीठांत तर यासाठी वेगळी खातीच असतात, पगारी माणसं असतात. काम काय? श्रीमंतांची यादी करायची. कोणाची किती ऐपत ते काढायचं. वर्ष वर्ष त्याच्याशी गोड बोलायचं, जेवायला बोलवायचं, त्याच्या मेलेल्या आईची आठवण काढायची आणि पिकलं की आकडा मागायचा. आकड्याच्या बदल्यात नाव. एवढ्याला खुर्ची, एवढ्याला हॉल, एवढ्याला अख्खं कॉलेज. आमच्या मुकादमाला हे काम दिलं तर तोही बरा करील. माणूस किती वजन पेलतो ते त्याला बघूनच कळतं.

पण पैसा पैशाकडेच जातो. २०१० साली टाटांकडून हार्वर्डच्या धंदा शिकवणाऱ्या शाळेला पाच कोटी डॉलर गेले. ज्या हार्वर्डच्या गाठीशी आज पाच हजार कोटी डॉलरच्या वर आहेत, त्याला! २०२३ साली नंदन निलेकणींनी मुंबईच्या आयआयटीला ३१५ कोटी दिले. तिथेच शिकले, दिले. देऊ देत. पण वऱ्हाडातल्या विद्यापीठातून कोण बाहेर पडतो? मास्तर, तलाठी, एसटीचा कंडक्टर, बँकेतला कारकून, आणि बी.ए. होऊन पानठेला टाकलेला. त्याच्याकडे जाऊन काय मागणार? ३१५ कोटी? माजी विद्यार्थ्यांच्या खिशावर विद्यापीठ चालवायचं ठरलं तर पवईला पूर येणार आणि अमरावती-अकोल्याला कोरडा दुष्काळच.

आणि हा दुष्काळ आला कुठून, तेही पाहू.

सुट्टीच्या दिवशी मी यलो गेटपासून चालत फोर्टात जातो. ओव्हल मैदानावर बसतो. समोर मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. इमारत देखणी आहे, खोटं कशाला बोलू. २८० फूट उंच. प्रेमचंद रायचंद नावाच्या शेठनं १८६४ साली दोन लाख ग्रंथालयाला दिले आणि आणखी दोन लाख मनोऱ्याला. राजाबाई ही त्याची आई. १८७८ ला मनोरा पुरा झाला. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातल्या जातींचे चोवीस दगडी पुतळे बसवलेत. बघा, विद्यापीठाच्या डोक्यावरही जातीच! आम्ही त्यात आहोत का हे खालून दिसत नाही. कोण आमचा असेल तर तो तरी वर पोचलाय.

तर हे चार लाख आले कुठून? १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली. तिथला गुलामांनी वेचलेला कापूस अडकला. इंग्लंडच्या गिरण्या उपाशी. मग हिंदुस्थानचा कापूस सोन्याच्या भावानं उचलला गेला. गुजरातचा, खानदेशचा आणि आमच्या वऱ्हाडचा. वऱ्हाड तर इंग्रजांनी १८५३ लाच निजामाकडून आपल्या हाताखाली घेतला होता, त्यात कापसाची काळी जमीन हे मोठं आमिष. गाड्या भरभरून कापूस मुंबईला, मुंबईच्या बंदरातून लिव्हरपूलला. मधले दलाल एका रात्रीत कुबेर झाले. प्रेमचंद त्यांचा राजा. कापूस, त्यावर बँका, त्यावर शेअर. १८६५ ला अमेरिकेतली लढाई थांबली, भाव कोसळले, बँका बुडाल्या, प्रेमचंदही बुडाला. पण विद्यापीठाचा पैसा आधीच दिलेला होता, तो वाचला. हे त्याच्या पुण्याई खाती मांडा, माझी ना नाही.

पण एक खातं उघडलंच नाही. तो कापूस वेचला कोणी? माझ्या आजीच्या आजीनं वेचला असेल. वेचणाऱ्या बाईची बोटं बोंडाच्या टोकांनी चिरतात, ओटीत कापूस भरतो, संध्याकाळी तोलून किलोवर पैसे. माझी आजी परवापरवापर्यंत हेच करत होती. तिचा कापूस जिनिंगमधे, गाठ बापाच्या खांद्याला, आणि बंदरात मी. आता कापूस डब्यात बंद होऊन जातो, माझ्या वाट्याला लोखंड आणि पोती येतात, ती गोष्ट वेगळी. मूर्तिजापूरची शकुंतला आठवते का? ती छोटी गाडी. ती काही आम्हाला लग्नाला न्यायला घातली नव्हती. विलायती कंपनीनं कापूस ओढायला घातली होती. आता ती बंद आहे. गावातून कापूस न्यायला रूळ होते, गावात विद्यापीठाचा पैसा आणायला रूळ नाहीत.

ही फक्त मुंबईची कथा नाही. अमेरिकेत येल नावाचं मोठं विद्यापीठ आहे. ते नाव कोणाचं? एलिहू येलचं. हा मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर होता. तिथे त्यानं गडगंज कमावलं, त्याच्या कारभारात गुलामांची खरेदी-विक्रीही होती. १७१८ साली त्यानं त्या कॉलेजला मालाची नऊ गाठोडी, ४१७ पुस्तकं आणि राजाचं एक चित्र पाठवलं. माल विकून साडेपाचशे पौंडांच्या वर आले आणि कॉलेजला त्याचं नाव लागलं. नऊ गाठोडी! आमची टोळी नाष्ट्याच्या आधी एवढी उतरवते. २०२४ साली त्या विद्यापीठानं गुलामगिरीशी असलेल्या आपल्या जुन्या संबंधांबद्दल माफी मागितली. तीनशे वर्षांनी. नाव तेच ठेवलं.

जोतिबांनी हे १८८२ लाच सांगितलं होतं. हंटर कमिशनपुढे त्यांनी स्वच्छ मांडलं की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. म्हणजे विद्यापीठाचा सगळ्यात मोठा देणगीदार कोण, याचा निकाल लागून एकशे चाळीस वर्षं उलटली. फक्त पाटी लागायची राहिलीय.

आणि पाटीची, नावाची किंमत आम्हाला कोणी शिकवू नये. १९७८ च्या जुलैत विधिमंडळानं ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. काय झालं? वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळेला मारलं. सोळा वर्षं मोर्चे, लाठ्या, तुरुंग. १९९३ ला नांदेडला गौतम वाघमारेनं स्वतःला जाळून घेतलं. तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं, तेही जुन्या नावाला जोडून. ज्या माणसानं मिलिंद कॉलेज काढून मराठवाड्यात शिक्षण नेलं त्याच्या नावाला एवढं रक्त. आणि शेठला फक्त चेकवर सही.

आता आमच्यातले काही दोस्त म्हणतात, भांडवलदाराचा पैसाच नको, थुंका त्यावर. मला हे पटत नाही. थुंकायला पोट भरलेलं लागतं. बाबासाहेब १९१३ ला न्यूयॉर्कला गेले ते सयाजीरावांच्या पैशावर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी, असा करार. पैसा घेतला, कोलंबियाची ग्रंथालयं पिऊन टाकली, आणि परत येऊन करारही पाळायला गेले. १९१७ ला बडोदा शहरानं त्यांना राहायला खोली दिली नाही. पारशाच्या खानावळीत नाव चोरून राहावं लागलं, तिथूनही लाठ्या घेऊन हाकललं. दात्याचा पैसा चांगला असू शकतो. पण दात्याच्या पैशानं खिडकीतला बाबू बदलत नाही. म्हणून १९४४ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात असताना सरकारी तिजोरीतून अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. तो हक्क आहे. आज त्याच शिष्यवृत्तीला आमची पोरं ‘सरकारची मेहरबानी’ म्हणतात तेव्हा डोकं फिरतं.

मग मोठ्या माणसाकडून पैसा मागायचा कसा? ते शिकायला अमेरिकेला कशाला जाता? अमरावतीच्या विद्यापीठाला नाव कोणाचं आहे? १ मे १९८३ ला नागपूरपासून फुटून ते उभं राहिलं आणि पुढे त्याला गाडगेबाबांचं नाव लागलं. १८७६ ला शेंडगावात परिटाच्या घरी जन्मलेला, आमच्या मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला मामाच्या घरी गुरं राखून वाढलेला हा माणूस. अक्षर येत नव्हतं. हातात खराटा, डोक्यावर गाडगं. आणि महाराष्ट्रात त्याच्यासारखा देणग्या उभारणारा दुसरा दाखवा! पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, जिथे तिथे धर्मशाळा उभ्या केल्या. कीर्तनाला शेठ बसायचा आणि झाडूवालाही. बाबा आधी गाव झाडायचा, मग बोलायचा. पोरांना शाळेत घाला, ताट मोडा पण शिकवा, देवाला बकरं कापू नका. लाखो रुपये त्याच्या शब्दावर जमले आणि त्याची बायको-पोरं झोपडीत राहिली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा आपल्या लोकांसाठी बांधली आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. मोकळ्या हातानं. माझं नाव लावा म्हणाला नाही. बाबासाहेब गेल्यावर दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ ला, वलगावजवळ वाटेतच गेला.

त्याच्या नावाच्या विद्यापीठानं, आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या कृषी विद्यापीठानंही, मोठ्या देणग्या जरूर मागाव्यात. कापसावर मोठे झालेल्या घराण्यांकडे तर आधी जावं. भीक मागायला नाही, थकबाकी वसूल करायला. पण नाव विकू नये. ज्याला पाटी हवी त्यानं आपल्या बंगल्यावर लावावी. देणगीबरोबर येणारी प्रत्येक अट मराठीत छापून विद्यापीठाच्या दारावर चिकटवावी. पहिला रुपया वसतिगृहाला, मेसला आणि जिल्ह्याच्या टोकाच्या गावातून येणाऱ्या पोरीच्या खोलीला, इमारतीला नंतर. आणि मागायला जी माणसं जातील त्यात निम्मी विद्यार्थ्यांची असावीत, त्यातही शिष्यवृत्तीवाले. शेठला कळू दे तो कोणाच्या डोळ्याला डोळा देतोय. काही शेठ यानं पळतील. पळू देत.

आणखी एक. कॅपिटेशन फीविरुद्ध महाराष्ट्रात १९८७ पासून कायदा आहे. तरीही आमच्या भाषेत ‘डोनेशन’ या शब्दाचा अर्थ दान असा होत नाही. पोराला अ‍ॅडमिशन पाहिजे, डोनेशन. मास्तरची नोकरी पाहिजे, डोनेशन. हा शब्द कोणी नासवला ते आधी बोला, मग दानशूरांच्या परिषदा भरवा.

वऱ्हाडातल्या दोस्तांनो, घरी जाल तेव्हा ट्रंका उघडा. आईच्या लुगड्याखाली, रेशन कार्डाच्या पिशवीत अशा पावत्या नक्की असतील. इमारत निधी, विकास निधी, ऐच्छिक देणगी. त्यांच्या झेरॉक्स काढून अंकाच्या पत्त्यावर पाठवा. संस्थेचं नाव खोडलंत तरी चालेल. बापाचं नाव आणि रक्कम खोडू नका. माझी पावती मी आधीच दिलीय, पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर ती येईल. बेरीज किती होते बघू. मग ती बेरीज घेऊन अमरावतीला जायचंय.

जयभीम.