ब्रेक ओरडतोय, ऐकतंय कोण?

ब्रेकबद्दल आपण काय काय शिकतो! ड्रमची आकृती काढतो, टॉर्कची गणितं करतो, व्हायव्हात लीडिंग शू, ट्रेलिंग शू घडाघडा सांगतो. पण ब्रेक ओरडायला लागला तर नेमकं काय सांगतोय, हे कुणी शिकवलंय? जर्नलमध्ये 'ब्रेक नॉईज' लिहिलं की विषय संपला! माझ्या मते ही आपल्या शिक्षणातली मोठी उणीव आहे, आणि ती भरून काढायला महागडं मशीन नको, फक्त कान हवेत.

उदाहरण प्रीमियर पद्मिनीचं घेऊ. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला ज्यांचं नाव आहे, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनायची, तीच पुढे पद्मिनी झाली. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेल्या. उंब्रजला आमच्या काकांची पद्मिनी मात्र अजून चालते. तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं, म्हणून गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढची चाकंच करतात. पुढून आवाज आला तर दुर्लक्ष परवडत नाही ते यामुळे.

गेल्या वर्षी या गाडीच्या पुढून आवाज यायला लागला. एका गॅरेजमध्ये न विचारताच पुढचे लायनर बदलून दिले. बिल झालं, आवाज तसाच! मग काकांनी गाडी गावातल्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. ते म्हणाले, "लायनर राहू द्या, आधी आवाज सांगा. ब्रेक दाबल्यावर येतोय का न दाबता पण? वळणावर बदलतोय का? खरखर हाय का घरघर?" आवाज घरघर होता, ब्रेक न दाबताही यायचा आणि गाडी डावीकडे वळली की वाढायचा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. म्हणजे दोष ब्रेकचा नव्हताच, पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं. तीन प्रश्नांत निदान!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. स्क्वील, ग्राईंड, हम हे इंग्रजी शब्द मला पाठ होते, पण ते पुस्तकातच राहिले. मिस्त्रींचे शब्द मात्र थेट चाकापर्यंत पोचतात. बघा ना:

चीं चीं : ब्रेक दाबल्यावर येणारा बारीक, तीक्ष्ण आवाज. लायनर काचेसारखे गुळगुळीत झालेत किंवा ड्रममध्ये धूळ साठलीय. शू आणि ड्रम थरथरतात, त्याचा हा सूर. स्पीड बदलला तरी सूर फारसा बदलत नाही.

खरखर : धातूवर धातू घासल्याचा आवाज. लायनर संपून रिव्हेट ड्रमला लागत असतील. गाडी तिथेच थांबवा! पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीचा ड्रम गंजतो, तेव्हाही सकाळी थोडी खरखर होते. पण ती दोन-चार ब्रेकमध्ये जाते. गेली नाही तर चाक उघडाच.

घासणं, पण थांबून थांबून : ड्रम गोल राहिलेला नाही. इथे थोडं गणित करा. चाकाचा घेर सुमारे १.९ मीटर धरला, तर ताशी ३६ किलोमीटरला सेकंदाला पाचेक फेरे होतात. स्पीड निम्मा केल्यावर आवाजाचे ठोकेही निम्मे झाले, तर तो चाकाबरोबर फिरणाऱ्या भागातूनच येतोय.

टक : ब्रेक दाबताना किंवा सोडताना एकदाच. शूची स्प्रिंग किंवा पिन ढिली असू शकते.

आणि गाडी एका बाजूला ओढत असेल तर व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑईल गळून लायनरवर आलंय का, तेही बघा.

कुणी म्हणेल, आता डिस्क ब्रेक आणि सेन्सरचा जमाना, जुन्या गाडीचं कौतुक कशाला? मान्य. पण सेन्सर फक्त त्याला शिकवलेलंच सांगतो. आधी लक्षण, मग कारण आणि शेवटी पाना, हा क्रम कुठल्याही मशीनला लागू आहे. न विचारता पार्ट बदलण्याची सवय खिशाला तर लागतेच. पण कुंभार्ली घाट उतरताना खरखर होत असेल आणि ड्रायव्हर 'जुनी गाडी आहे, चालायचंच' म्हणत असेल, तर प्रश्न पैशांचा राहत नाही, जिवाचा होतो.

म्हणून सरांना एक विनंती. वर्कशॉपच्या आवारात एक जुनी गाडी ठेवा आणि एक प्रॅक्टिकल आवाजाचं घ्या. चाक उघडण्याआधी प्रत्येकाने आवाज कसा, कधी आणि कुठून येतो ते साध्या मराठीत लिहायचं. मगच गाडी जॅकवर घेऊन, खाली भक्कम टेकू देऊन ड्रम काढायचा. आतली धूळ हवेच्या पाईपने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा. शेवटी आपला अंदाज आणि आत सापडलेला दोष ताडून बघायचा आणि मार्क त्या अंदाजाच्या कारणांना द्यायचे.

आणि होस्टेलवाल्यांनो, प्रॅक्टिकलची वाट कशाला बघता? पार्किंगमध्ये किंचाळणाऱ्या बाईक कमी आहेत का? सुरुवात तिथूनच करा!