ठरवून भरलेला दंड आणि न्यायाधीशाची जबाबदारी

नोव्हेंबर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टात न्यायमूर्ती पीटर हीरी यांनी पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या विझी कंपनीला ३ कोटी ६० लाख डॉलर दंड केला. तोवरचा त्या देशातला संगनमताबद्दलचा हा सर्वांत मोठा दंड. विझी आणि अॅमकॉर या दोन कंपन्यांच्या हातात खोक्यांची सुमारे ९० टक्के बाजारपेठ होती. एकमेकींशी स्पर्धा करायची सोडून त्यांनी संगनमताने दर ठरवले आणि गिऱ्हाइके वाटून घेतली. खोक्याचा भाव चढला की आतल्या मालाच्या किमतीवर त्याचा भार येतो, आणि तो शेवटी किराणा घेणाऱ्याच्या खिशातून जातो.

ही रक्कम मात्र कोर्टाने स्वतः काढलेली नव्हती. तिथला स्पर्धा आणि ग्राहक आयोग व विझी यांनी ती आधी आपसात ठरवली, विझीने कायदा मोडल्याची कबुली दिली आणि मग दोघांनी मिळून ती कोर्टापुढे ठेवली. न्यायाधीशांनी ती मान्य केली, पण कारणे देऊन. तीस वर्षांहून अधिक काळात कोर्टापुढे आलेले हे सर्वांत गंभीर संगनमत आहे, असे त्यांनी निकालात नोंदवले आणि मालक रिचर्ड प्रॅट यांच्या सहभागावरही स्पष्ट लिहिले.

दोषी कंपनीशी दंडाची बोलणी करायचीच कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. पण संगनमत बंद दाराआड होते. ते सिद्ध करायला वर्षे जातात आणि सरकारी यंत्रणेची माणसे व पैसा एकाच खटल्यात अडकून पडतो. कबुली मिळाली की तो वेळ पुढच्या तपासाला मिळतो. शिवाय गिऱ्हाइकांना भरपाई मागता येते. विझी आणि अॅमकॉर यांच्याविरुद्ध ग्राहकांनी केलेला सामूहिक दावा २०११ मध्ये ९ कोटी ५० लाख डॉलरांवर मिटला.

तडजोड असावी, याबद्दल माझे दुमत नाही. तिच्यावर नजर कुणाची, हा माझा प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियात त्यावर मोठा वाद झाला. दोन्ही पक्षांनी ठरवलेली रक्कम न्यायाधीशांनी विचारातच घेऊ नये, असे २०१५ मध्ये फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठाने म्हटले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या हायकोर्टाने, म्हणजे देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने, तो निर्णय फिरवला. दिवाणी दंडाच्या खटल्यात पक्षांनी रक्कम सुचवावी, मात्र ती योग्य आहे अशी न्यायाधीशाची स्वतःची खात्री पटली पाहिजे, असे त्याने ठरवले.

ही अट कागदावरच राहिली नाही. डिझेल गाड्यांच्या धुराबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याच्या फोक्सवॅगन प्रकरणात आयोग आणि कंपनी साडेसात कोटी डॉलरांवर राजी झाले होते. हा खटला ग्राहक कायद्याखालचा, पण पद्धत तीच. न्यायमूर्ती लिंडसे फॉस्टर यांनी २०१९ मध्ये ती रक्कम नाकारून साडेबारा कोटींचा दंड केला, आणि २०२१ मध्ये पूर्णपीठाने तो कायम ठेवला.

आपल्याकडे २०२३ च्या दुरुस्तीने स्पर्धा कायद्यात तडजोडीची वाट उघडली. प्रतिस्पर्ध्यांमधले संगनमत तिच्यातून वगळले, हे चांगलेच केले. वर्चस्वाच्या गैरवापरासारख्या प्रकरणांत मात्र कंपनी रक्कम भरून चौकशी मिटवू शकते. एप्रिल २०२५ मध्ये अँड्रॉइड टीव्ही प्रकरणात गुगलने या वाटेने २० कोटी २४ लाख रुपये भरले. हरकती आणि सूचना मागवण्याची तरतूद कायद्यात आहे. तरीही चौकशीचा आदेश देणारा, तडजोडीची बोलणी करणारा आणि शेवटी तिला मंजुरी देणारा स्पर्धा आयोग एकच आहे. त्या मंजुरीविरुद्ध अपील करता येत नाही.

इथे बदल हवा. मान्य केलेली प्रत्येक तडजोड अपील न्यायाधिकरणापुढे खुल्या सुनावणीत यावी. उलाढाल किती, नुकसान कुणाचे झाले, सवलत किती दिली आणि का, हे सारे आदेशात लिहावे. रक्कम तोकडी वाटली तर ती नाकारण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला असावा. कंपन्याही मग बोलणीला बसतानाच वाजवी आकडा घेऊन येतील, कारण तो आकडा पुढे बोलणीत नसलेल्या माणसासमोर टिकवायचा आहे, हे त्यांना ठाऊक असेल. बाजारात रोज खरेदी करणाऱ्यांना त्या बोलणीत खुर्ची नसते. त्यांच्या वतीने हिशेब तपासणारा कुणीतरी कायद्यानेच नेमला पाहिजे.